पाच घरांची झोळी
(गाणगापूर परिसरातील ऋतुमानानुसारच्या अन्नपरंपरेविषयी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भीमा आणि अमरजा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले गाणगापूर हे दत्तसंप्रदायाचे एक प्रमुख क्षेत्र होय. कर्नाटक राज्यातील कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यात ते मोडते. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गाणगापूर रोड हे स्थानक लागते आणि तेथून यात्रेकरू क्षेत्राकडे वळतात. संगमावरील स्नान, औदुंबराखालचे पारायण आणि निर्गुण मठातील पादुकांचे दर्शन यांबरोबर आणखी एक आचार येथे पाळला जातो. तो म्हणजे माध्यान्हकाळची मधुकरी. श्रीदत्तगुरू माध्यान्ही कोणत्या ना कोणत्या रूपाने येथे भिक्षेस येतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. त्यामुळे दारी आलेल्या कोणासही रिक्तहस्ते परत पाठवू नये, असा प्रघात पडला आहे. घरी सुबत्ता असलेला यात्रेकरूही येथे झोळी घेऊन पाच घरी उभा राहतो आणि मिळेल ते अन्न प्रसाद म्हणून ग्रहण करतो.

मधुकर म्हणजे भुंगा. तो फुलाला इजा न करता प्रत्येक फुलातून थोडाथोडा मध घेतो. त्याप्रमाणे एका घरावर भार न टाकता अनेक घरांतून थोडेथोडे अन्न मागून घेणे, असा मधुकरी या शब्दाचा अर्थ आहे. या आचाराकडे धर्माच्या दृष्टीने पुष्कळांनी पाहिले आहे. परंतु त्याकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. मधुकरीत स्वतंत्र स्वयंपाक नसतो. त्या दिवशी त्या पाच घरांत जे शिजले असेल, तेच झोळीत पडते. त्या घरांत काय शिजले, हे त्या ऋतूत त्या शिवारात काय पिकले यावर अवलंबून असते. म्हणून वर्षभर जर कोणी त्या झोळीकडे नीट लक्ष दिले, तर भीमाकाठच्या शेतीचे आणि आहाराचे पंचांगच त्याच्या हाती येईल. आज हे पंचांग बदलत चालले आहे. ते कसे होते, कशासाठी होते आणि त्यातील काय राखण्याजोगे आहे, हा या भाषणाचा विषय होय.

दोन भाषांचे एक स्वयंपाकघर

हा मुलूख सीमेवरचा आहे. कलबुर्गी, म्हणजे पूर्वीचे गुलबर्गा, आणि बीदर हे जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते संस्थान भारतात सामील झाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत त्याचे तीन भाग होऊन मराठवाडा मुंबई राज्याकडे, तेलंगण आंध्राकडे आणि हे जिल्हे म्हैसूर राज्याकडे गेले. म्हैसूर राज्यास १९७३ साली कर्नाटक हे नाव मिळाले. राज्यांच्या सीमा अशा बदलल्या, तरी चुलीवर तीच भाकरी राहिली. मराठी घरातली भाकरी कन्नड घरात रोट्टी होते, पोळीची होळिगे होते, भरल्या वांग्याची एण्णेगाई होते आणि जोंधळ्याच्या कण्यांना नुच्चु म्हणतात. नावे दोन असली, तरी धान्य, तेल, तिखट आणि हात एकच आहेत. मराठी आणि कन्नड या दोन्ही मुलखांत चांद्र महिना अमावास्येला संपतो. त्यामुळे सणांच्या तिथीही जुळतात आणि पदार्थही त्याच दिवशी दोन्हीकडे शिजतात.

या ऐक्याचे उत्तम उदाहरण गाणगापूरच्याच संदर्भात सापडते. श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म विदर्भातील कारंजा येथे झाला. औदुंबर आणि नृसिंहवाडी येथील वास्तव्यानंतर ते गाणगापूरला आले आणि सुमारे दोन तपे राहून इ. स. १४५९ च्या सुमारास श्रीशैलाकडे गेले. त्यांचे चरित्र सांगणारा 'गुरुचरित्र' हा ग्रंथ मराठीत आहे आणि तो रचणाऱ्या सरस्वती गंगाधरांच्या घरची भाषा कन्नड होती.

भुकेल्यास अन्न देण्याच्या परंपराही या एका प्रदेशात अनेक आहेत. बाराव्या शतकात कल्याण येथे, म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वरांनी कायक आणि दासोह यांचा उपदेश केला. कायक म्हणजे श्रम आणि दासोह म्हणजे श्रमाचे फळ वाटून खाणे. कलबुर्गीत शरणबसवेश्वरांनी, इ. स. १७४६ ते १८२२ या आपल्या आयुष्यात, दासोह प्रत्यक्ष आचरून दाखविला. त्याच शहरात १४२२ साली निवर्तलेले ख्वाजा बंदेनवाज यांचा दर्गा असून तेथे लंगरची परंपरा आहे. मधुकरी, दासोह आणि लंगर यांचे मार्ग निराळे असले, तरी या तिन्ही ठिकाणी अन्नावर मालकापेक्षा भुकेल्याचा अधिकार मोठा मानला गेला. वारंवार अवर्षण पाहिलेल्या प्रदेशात ही शिकवण रुजली, हे स्वाभाविक होय.

पावसाळा : रानभाजी आणि राखलेले धान्य

या भागातील मुख्य धान्य रब्बीची ज्वारी, म्हणजेच जोंधळा. पावसाळ्यात काळ्या, खोल जमिनी बऱ्याच अंशी मोकळ्या ठेवून त्यांना कुळवाच्या पाळ्या दिल्या जात आणि पेरणी पावसाच्या शेवटी होई. त्यामुळे पावसाळा हा घरातील साठा जपून वापरण्याचा काळ. पूर्वी जोंधळा जमिनीखालील पेवात किंवा कणगीत साठवीत. पेवात हवा खेळत नसल्यामुळे धान्यास कीड कमी लागे आणि अवर्षणाच्या वर्षी तोच साठा कामी येई.

ज्येष्ठ पौर्णिमेस कारहुणवी येते. बैलांना न्हाऊ घालून, शिंगे रंगवून त्यांची मिरवणूक काढतात आणि घरोघरी पुरणपोळी व कडबू होतात. आषाढ-श्रावणात बांधावर आणि पडीक रानात तांदुळजा, घोळ, कुर्डू, केना या भाज्या आपोआप उगवतात. त्यांना बियाणे लागत नाही, पैसा लागत नाही. त्या ओळखण्याची नजर मात्र लागते आणि ती आईकडून मुलीकडे जात असे. अंबाडीचा पाला हा या भागाचा विशेष. त्याला कन्नडमध्ये पुंडी म्हणतात. तुरीची डाळ किंवा जोंधळ्याच्या कण्या घालून, वर लसणीची फोडणी देऊन केलेली अंबाडीची आंबट भाजी आणि तिच्यासोबत ज्वारीची भाकरी हे कलबुर्गीकडील घराघरांतील जेवण होय.

नागपंचमीस चिरणे, तळणे व तव्यावर भाजणे वर्ज्य मानतात. त्या दिवसासाठी ज्वारीच्या लाह्या फोडतात, तसेच तंबिट्टु आणि शेंगदाणे, तीळ, बेसन यांचे उंडे आधीच करून ठेवतात. सासुरवाशिणी माहेरी आल्या की या उंड्यांचे डबे भरून परत जातात. जुने धान्य, कडधान्य, तेलबी आणि गूळ यांचा हा मेळ शेतातील भाजीपाला अपुरा असतानाही शरीरास बळ देतो.

हिवाळा : शिवाराचे भरले ताट

परतीच्या पावसाची ओल काळ्या मातीत मुरली की हस्त नक्षत्राच्या आसपास जोंधळ्याची पेरणी होते. पुढे पाऊस पडो न पडो, जमिनीतील ओल आणि रात्रीचे दव यांवर पीक उभे राहते. आश्विन पौर्णिमेस, म्हणजे शीगी हुणवीस, कन्नड शेतकरी भूमीला गर्भवती मानून तिची पूजा करतात आणि शिजविलेले अन्न शिवारात शिंपतात. या शिंपण्यास चरग म्हणतात.

येथे एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. जुन्या पद्धतीत ज्वारीचे शेत हे नुसत्या ज्वारीचे नसे. ज्वारीच्या ओळींमध्ये करडईचे पाटे असत. कडेला हरभरा आणि जवस, खरिपात पेरलेली तूर शेजारी उभी, बांधावर वाल, घेवडा, अंबाडी, तीळ. ज्वारीने भाकरी दिली, तुरीने डाळ, करडईने तेल आणि कोवळेपणी पालेभाजी, जवसाने चटणी, कडब्याने जनावरांची वैरण. काटेरी करडईमुळे गुरे पिकात शिरण्यासही आळा बसे. घरातील ताट जसे वाढायचे, तसेच ते शेतात पेरलेले असे.

दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेस येते. गाणगापुरास त्या वेळी मोठी यात्रा भरते. तेव्हा शिवारात जोंधळा पोटरीत येऊ लागलेला असतो आणि तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. तेथून पंधरा दिवसांनी, मार्गशीर्ष अमावास्येस, या प्रदेशाचा खरा शेतीचा सण येतो. लातूर, धाराशिव, सोलापूर, बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांत तो पाळला जातो. मराठीत त्यास वेळ अमावास्या, दर्शवेळा अमावास्या किंवा येळवस म्हणतात. कन्नडमधील मूळ नाव एळ्ळ अमावास्ये. एळ्ळु म्हणजे तीळ. तिळाची अमावास्या मराठी मुखात वेळ अमावास्या झाली.

या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी फुलतात. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभारतात. तीत पाच दगड मांडून त्यांना चुना व काव लावतात. त्यांना पांडव म्हणतात. लक्ष्मीची पूजा होते, नैवेद्य दाखवितात आणि मग उभ्या पिकाभोवती फिरत आंबील शिंपतात. शिंपताना मराठी शेतकरीही जी आरोळी देतो, तीत कन्नड शब्द मिसळलेले असतात.

या सणाचा स्वयंपाक तपशिलाने सांगण्याजोगा आहे. आंबिलीसाठी ताक साठवून ठेवावे लागते. ज्वारीचे पीठ आंबवून शिजवितात, त्यात ताक, लसूण, जिरे, कोथिंबीर व मीठ घालतात आणि ही आंबील मातीच्या बिंदग्यात भरून डोक्यावरून शेतात नेतात. दुसरा मुख्य पदार्थ भज्जी. तुरीचे व वालाचे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, भुईमूग, मेथी, चुका, गाजर, वांगी असे त्या आठवड्यात शिवारात जे हिरवे असेल ते एकत्र शिजवून, चिंचेचे किंवा ताकाचे आंबट व हरभऱ्याचे पीठ लावून ती दाटसर करतात. जोडीस ज्वारी-बाजरीचे उकडलेले उंडे, बाजरीची भाकरी, आंबट भात, गव्हाची खीर, तिळाची व शेंगदाण्याची पोळी असते. जेवायला घरचे, शेजारचे आणि वाटेने जाणारे अशा सर्वांना बोलावतात. ज्याचे शेत नाही, तो त्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात पाहुणा असतो.

भज्जी हा पदार्थ विकत आणलेल्या भाज्यांचाही करता येतो. परंतु त्याची मूळ कल्पना निराळी होती. शेतकऱ्याने आपल्या शेताची एक फेरी मारावी आणि जे जे पिकविले त्यातील मूठमूठ एका भांड्यात आणावे. शेतातील पिके जितकी विविध, तितकी भज्जी समृद्ध. त्या अर्थाने भज्जी ही शेताची वार्षिक तपासणीच होती.

पौषात हुरडा येतो. कणसातील दाणे भरले, पण कडक झाले नाहीत, अशा थोड्या दिवसांच्या अवधीत ही मेजवानी होते. शेतात आगटी पेटवून, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर कणसे भाजून, हातावर चोळून दाणे काढतात आणि शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, गूळ, दही यांसोबत खातात. सुरती, गुळभेंडी या जोंधळ्याच्या जाती त्यांच्या गोड, मऊ दाण्यासाठी मुद्दाम चार ओळी पेरून जपल्या जात. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, म्हणजे कन्नड घरातील सज्जे रोट्टी, आणि पुन्हा ओल्या शेंगांची मिश्र भाजी. कडाक्याच्या थंडीत बाजरी, तीळ आणि गूळ यांचे प्रयोजन सांगावयास नको.

माघ वद्य प्रतिपदेस, म्हणजे गुरुप्रतिपदेस, गाणगापुरास वर्षातील दुसरी मोठी यात्रा भरते. श्रीगुरू याच तिथीस श्रीशैलाकडे निघाले, असे मानतात. या सुमारास शिवारात जोंधळ्याची काढणी सुरू होते. दत्तजयंती ते गुरुप्रतिपदा हा अवधी म्हणजे जोंधळा पोटरीतून खळ्याकडे जाण्याचा अवधी होय. या दोन यात्रांच्या दरम्यान मधुकरीची झोळी सर्वांत समृद्ध असते.

उन्हाळा : आंबट, पातळ आणि टिकाऊ

चैत्र शुद्ध प्रतिपदेस मराठी घरी गुढी उभारतात आणि कन्नड घरी युगादी करतात. दोन्हीकडे कडुनिंब व गूळ एकत्र खातात. कन्नडमध्ये त्यास बेवु-बेल्ल म्हणतात. पुढे कलबुर्गीचा उन्हाळा प्रखर होतो. भाज्या कमी होतात, पाणी आटते आणि आहार पातळ व आंबट होतो. ज्वारीची आंबील, ताक-कण्या, कैरीचे पन्हे आणि चिंचेचे सार यांनी शरीरातून घामावाटे गेलेले पाणी व मीठ भरून निघते. शेतावर जाणारा मजूर सकाळी ताक-कण्या खाऊन जाई. आंबविल्यामुळे त्या पचावयास हलक्या होतात.

याच उन्हात पुढील पावसाळ्याची बेगमी होते. सांडगे, पापड, कुरडया, शेवया, वाळविलेल्या गवारी आणि मिरच्या अंगणभर पसरतात. कडक भाकरी हा या भागाचा आणखी एक विशेष. पातळ थापलेली ज्वारीची भाकरी भाजून, पूर्ण वाळवून ठेवली की ती दीर्घकाळ टिकते. चटणी-दह्याबरोबर प्रवासात किंवा शेतावर ती उपयोगी पडते.

भाकरी थापणे हे कसबाचे काम आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. म्हणून आधणाच्या पाण्याने पीठ मळून, काठवटीत चांगले रगडून, हाताच्या हलक्या दाबाने भाकरी वाढवावी लागते. पीठ जुने झाले की चव बिघडते आणि भाकरीस चिरा जातात. सबब थोडे थोडे दळावे लागते. ज्या घरात हे कसब एका पिढीत थांबले, तेथे ते पुस्तक वाचून परत येत नाही.

भाकरी एकटी पुरत नाही

परंपरेची थोरवी सांगताना तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वर वर्णिलेले भरले ताट प्रत्येक घरात नव्हते. भूमिहीन मजुराच्या वाट्यास पुष्कळदा भाकरी, मिरची आणि मीठ एवढेच येई. हैदराबाद येथील पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास एका महत्त्वाच्या गोष्टीकडे लक्ष वेधले. दख्खनमधील ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब लोकांत पेलाग्रा हा त्वचेचा व मनाचा विकार आढळत होता. ज्वारीतील ल्युसिन या घटकाच्या अधिक प्रमाणाशी त्याचा संबंध असावा, असे मत त्यांनी मांडले.

यावरून ज्वारी वाईट, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम प्रथिने आणि जवळपास तितकेच तंतू असतात. परंतु तिच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो. तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी असते, ते ज्वारी पुरविते. पालेभाजी, ताक आणि तेलबिया यांनी उरलेले पूर्ण होते. म्हणजेच आरोग्य एकट्या जोंधळ्यात नव्हते. जोंधळा, तूर, करडई, अंबाडी आणि ताक यांच्या संगतीत ते होते. ऋतूप्रमाणे भाजी बदलण्याच्या रीतीने आणि सणांच्या मिश्र पदार्थांनी ही संगत टिकविली होती. गरिबीने ती तोडली की रोग आला.

संगत आज पुन्हा तुटत आहे, परंतु निराळ्या कारणाने. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे पहिले वाण प्रसारित झाले. उत्पादन वाढले, तथापि खरिपाच्या संकरित ज्वारीच्या भाकरीस रब्बीच्या मालदांडीची गोडी लोकांना वाटली नाही. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली मिलो आणि सुकडी यांवर महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांनी दिवस काढले, हे वृद्धांच्या स्मरणात आहे. पुढे गहू आणि तांदूळ स्वस्त धान्य दुकानांतून घरोघरी पोचले. भुकेपासून त्यांनी संरक्षण दिले, याविषयी कृतज्ञताच असली पाहिजे. परंतु ज्वारीचे मोल त्यामुळे उतरले. भीमेच्या वरच्या अंगास १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले. नदीकाठी बंधारे व उपसा पाणी आले आणि जेथे पाणी पोचले तेथे ऊस उभा राहिला. कोरडवाहू भागात सलग तुरीचे क्षेत्र वाढले. कलबुर्गीच्या तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि सलग ऊस आणि सलग तूर यांच्यामध्ये करडईचा पाटा, जवसाची ओळ आणि बांधावरचा वाल यांना जागा उरत नाही. तणनाशक मारलेल्या रानात घोळ आणि तांदुळजाही उगवत नाही. वेळ अमावास्येची भज्जी अजून होते, परंतु तिच्या शेंगा पुष्कळ घरी आठवड्याच्या बाजारातून आणाव्या लागतात.

यात शेतकऱ्याचा दोष नाही. ज्या पिकास भाव आणि खरेदीदार आहे, ते पीक तो घेणारच. ज्वारीची काढणी, खुडणी व मळणी यांस मजूर पुष्कळ लागतात आणि मजुरी वाढली आहे. म्हणून परंपरा राखा, असा नुसता उपदेश करून काही साधणार नाही. परंपरा राखणे परवडेल अशी व्यवस्था हवी.

काय करता येईल

अशा व्यवस्थेच्या काही खुणा दिसू लागल्या आहेत. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीस भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२१ मध्ये ठराव करून २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून घोषित केले. कलबुर्गी जिल्ह्यात महिलांच्या गटांनी ज्वारीची भाकरी 'कलबुर्गी रोट्टी' या नावाने बाजारात आणली असून २०२५ मध्ये तिची देशभर वाखाणणी झाली. ज्या कसबाला घरात मोल नव्हते, त्याचे दाम आता हाती पडू लागले आहेत. कर्नाटकात उत्तरेकडील जिल्ह्यांत स्वस्त धान्य दुकानांतून तांदळाबरोबर ज्वारी देण्याचे प्रयत्नही झाले आहेत.

ग्रामस्थांनी एवढे करावे. सलग पीक घेतले, तरी घराजवळच्या तुकड्यात चार-सहा ओळींचे मिश्रपीक राखावे. बांधावर वाल, अंबाडी व तीळ पेरावेत. गुळभेंडी, सुरती यांसारख्या हुरड्याच्या जातींचे बियाणे घरी ठेवून शेजाऱ्यास द्यावे. त्यास खर्च अल्प आहे आणि वर्षभराच्या भाजीची सोय आहे.

शिक्षकांचे कार्य याहून मोठे आहे. गावातील वृद्ध स्त्रियांना विचारून मुलांनी बारा महिन्यांचा आहारतक्ता लिहावा. कोणत्या महिन्यात कोणती भाजी, तिचे मराठी नाव, कन्नड नाव, ती कोठे उगवते, कशी शिजवितात. सीमेवरील शाळेत हा उपक्रम भाषा, परिसर आणि आरोग्य या तिन्ही विषयांचा पाठ ठरेल. रानभाज्या ओळखण्याचे काम मात्र जाणत्या व्यक्तीस सोबत घेऊनच करावे, कारण दिसण्यात सारख्या वनस्पती असतात आणि काही अपायकारक असतात.

अधिकारीवर्गाने शाळा व अंगणवाडी यांतील आहाराकडे पाहावे. कर्नाटकातील शालेय भोजन योजना 'अक्षर दासोह' या नावाने २००२ मध्ये ईशान्येकडील जिल्ह्यांपासून सुरू झाली आणि त्यांत कलबुर्गी व बीदर हे जिल्हे होते. बसवेश्वरांच्या दासोहाचे नाव शाळेच्या जेवणास मिळाले, हे औचित्यपूर्ण झाले. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शाळांत हिवाळ्याच्या दिवसांत आठवड्यातून एकदा ज्वारीची भाकरी आणि हंगामी मिश्र भाजी देता आली, ते धान्य व त्या शेंगा गावातील शेतकऱ्यांकडून आणि त्या भाकऱ्या गावातील महिला गटाकडून घेता आल्या, तर एकाच व्यवहारात तिघांचे हित साधेल. भाकरी मोठ्या प्रमाणावर करण्यास हात पुष्कळ लागतात, ही अडचण खरी आहे. म्हणूनच आठवड्यातील एका दिवसापासून प्रारंभ करणे व्यवहार्य ठरेल.

समारोप

'गुरुचरित्रा'त गाणगापूरच्या एका शेतकऱ्याची कथा आहे. त्याचे नाव पर्वतेश्वर. जोंधळ्याचे पीक अर्धे वाढलेले असताना श्रीगुरूंनी त्यास ते कापून टाकण्यास सांगितले. घरच्यांनी आक्रोश केला, गावाने वेड्यात काढले, परंतु त्याने कापले. पुढे अकाली पाऊस व थंड वारे येऊन गावातील इतरांची पिके गेली आणि पर्वतेश्वराच्या कापलेल्या ताटांना नवे फुटवे फुटून अपूर्व पीक आले. भाविकांसाठी ही श्रद्धेची कथा आहे. शेतकऱ्यास तीत आणखी एक परिचित गोष्ट दिसेल. जोंधळा वरून कापला, तरी बुडखा जमिनीत असेपर्यंत तो फुटतो.

गाणगापूर परिसराच्या अन्नपरंपरेची स्थिती आज काहीशी तशीच आहे. वरचा भाग पुष्कळ कापला गेला आहे. परंतु थापणारे हात, पाला ओळखणारी नजर, घरात जपलेले मूठभर बियाणे आणि दारी आलेल्यास वाढण्याची सवय, हा बुडखा अजून जमिनीत आहे. तो आहे तोवर फुटवा येण्याची आशा आहे. एकदा तो उपटला गेला, की मग कोणत्याही योजनेस तो पुन्हा लावता येणार नाही.

माध्यान्ही जो यात्रेकरू गाणगापुरात पाच घरी झोळी पसरतो, त्यास पाच घरांत पाच निराळे पदार्थ मिळावेत, त्यांत त्या ऋतूची भाजी असावी, त्या शिवाराचे धान्य असावे, एका घरी त्यास भाकरी म्हणावे आणि दुसऱ्या घरी रोट्टी. एवढे जरी टिकले, तरी या भूमीची अन्नपरंपरा टिकली असे म्हणता येईल. त्यासाठी शेतकरी, शिक्षक आणि अधिकारी या सर्वांनी आपापल्या वाट्याची मूठ त्या झोळीत घालावी.